मणक्यात ‘गॅप’ आहे म्हणजे नेमकं काय? मणका खरंच सरकतो का?

तुमचा प्रश्न असा: वय ३८, दोन महिन्यांपासून कंबर दुखतेय, एमआरआयच्या रिपोर्टात ‘एल-४ एल-५ डिस्क बल्ज’ आणि ‘लॉस ऑफ लंबर लॉर्डोसिस’ असं आलंय. घरचे म्हणतात मणका सरकला, शेजारचे म्हणतात गॅप पडला. मग मणक्याची रचना असते तरी कशी आणि यातलं खरं काय?

मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या माणसाच्या तोंडी ‘गॅप’ हा शब्द असतो आणि बहुतेक वेळा तो उलट्या अर्थाने वापरलेला असतो. एक्स-रेत दोन मणक्यांच्या मधे काळी, मोकळी जागा दिसते. ती मोकळी नसते. तिथे चकती (डिस्क) असते, साध्या एक्स-रेत ती उमटत नाही एवढंच. म्हणजे हा गॅप सगळ्यांनाच असतो, असायलाच हवा. चकती झिजली की तो कमी होतो. डॉक्टर सांगतात ‘गॅप कमी झालाय’ आणि पेशंट घरी पोचेपर्यंत त्याचं ‘गॅप पडलाय’ होतं. माझ्या सासऱ्यांनी हा शब्द ऐकून तीन वर्षं कमरेचा पट्टा सोडला नाही. शेवटी पट्ट्याशिवाय उभं राहायचीच त्यांना भीती वाटायला लागली.

आता रचना. सगळा मिळून तो पाठीचा कणा आणि त्यातलं एकेक हाड म्हणजे मणका. जन्मतः साधारण ३३ मणके असतात: मानेचे ७, पाठीचे १२ (यांना बरगड्या जोडलेल्या), कमरेचे ५, त्याखाली ५ एकत्र जुळून झालेलं त्रिकास्थी आणि शेवटी माकडहाड. मोकळेपणाने हलतात ते वरचे २४. रिपोर्टातला ‘एल’ म्हणजे लंबर, कंबर. एल-४ एल-५ म्हणजे कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली चकती. वरच्या धडाचा भार आणि वाकण्याचा बराचसा ताण हीच चकती आणि तिच्या खालची एक घेतात, त्यामुळे दुखणीही बहुतेक तिथलीच.

चकती म्हणजे करंजी समजा. आत मऊ, पाणीदार गर. बाहेर कांद्याच्या पापुद्र्यांसारखं थरावर थर असलेलं चिवट आवरण. दिवसभराच्या भाराने गरातलं पाणी थोडं कमी होतं, रात्री आडवं झाल्यावर परत भरतं. म्हणून सकाळी आपण संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर उंच असतो. आवरण जरा बाहेर फुगलं तर तो बल्ज. करंजी फुटून सारण बाहेर आलं तर ते हर्निएशन. तुमच्या रिपोर्टात पहिला शब्द आहे, दुसरा नाही. दोन्हींत मणका जागचा हलत नाही. ‘चकती सरकली’ हेसुद्धा बोलण्यापुरतंच. ती वरच्या-खालच्या हाडांना घट्ट चिकटलेली असते.

मग बल्जमुळेच दुखतंय का? असेलही, नसेलही. कंबर अजिबात दुखत नसलेल्या ३,११० जणांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला होता. त्यात विशीतल्या ३० टक्के लोकांना बल्ज होता, ऐंशीतल्या ८४ टक्क्यांना. केस पिकतात तशा चकत्याही पिकतात. नुसता रिपोर्ट वाचून कोणाची कंबर किती दुखते हे मला सांगता येणार नाही, आणि जो सांगतो त्याच्यापासून जरा लांबच राहा.

‘लॉस ऑफ लॉर्डोसिस’ ऐकायला भयंकर वाटतं. कणा बाजूने पाहिला तर सरळसोट नसतो: मानेत आणि कमरेत आतल्या बाजूला वळण, पाठीत बाहेरच्या बाजूला. तान्ह्या बाळाचा कणा एकाच कमानीचा असतो. मान धरायला लागल्यावर मानेचं वळण स्पष्ट होतं, उभं राहायला लागल्यावर कमरेचं. कमरेच्या या वळणालाच लंबर लॉर्डोसिस म्हणतात. स्नायू आखडले की ते तात्पुरतं सपाट होतं. त्यात एमआरआय काढताना तुम्हाला उताणं झोपवून गुडघ्यांखाली उशी दिली असेल, तर त्यानेही ते सपाट दिसतं. मी त्या ओळीला फार महत्त्व देत नाही.

खराखुरा सरकलेला मणका हा वेगळाच प्रकार, स्पॉन्डिलोलिस्थेसिस. यात वरचा मणका खालच्यावर पुढे घसरतो. मणक्याच्या मागच्या भागात हाडाची एक अरुंद पट्टी असते, तिला तडा गेला की हे होऊ शकतं. वेगवान गोलंदाजांची कमरेची स्ट्रेस फ्रॅक्चर बऱ्याचदा याच पट्टीत असतात. बुमराह २०१९ मध्ये अशाच कमरेच्या फ्रॅक्चरमुळे बाहेर बसला होता, आठवत असेल. उतारवयात, त्यातही बायकांमध्ये, तडा न जाता नुसत्या झिजेनेही मणका घसरतो. पाव भागापर्यंत घसरला तर पहिली ग्रेड, आणि अशी पुष्कळ माणसं व्यायामावर छान चालतात. तुमच्या रिपोर्टात हा शब्द नसेल तर तुमचा मणका सरकलेला नाही. घरच्यांना सांगून टाका.

कणा बाजूला वळणं, म्हणजे स्कोलिओसिस, हे तुमच्या वयाचं दुखणं नाही, पण घरात १०-१५ वर्षांची मुलगी असेल तर एक गोष्ट करा. तिला पाय जुळवून पुढे वाकायला सांगा आणि मागून पाठ पाहा. एका बाजूच्या बरगड्या उंच दिसल्या तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. एक्स-रेवर १० अंशांपेक्षा जास्त वळण असेल तर त्याला स्कोलिओसिस म्हणतात. उंची वाढत असेपर्यंत ब्रेसचा उपयोग होतो, नंतर नाही. दप्तराच्या ओझ्याने हे होत नाही, उगाच शाळेशी भांडू नका. पाठीला पुढे बाक येण्याची कारणं वेगळी: म्हातारपणी ठिसूळ झालेले मणके दबतात, किंवा क्षयरोग मणका पोखरतो. हो, टीबी मणक्यालाही होतो, आणि आपल्याकडे तो विसरून चालत नाही. पाठदुखीबरोबर ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारी कळ असेल तर मालीश थांबवून आधी तपासणी.

मालीशवरून आठवलं. उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घ्यायची आपल्याकडे पद्धत आहे. साधी उसण काही दिवसांत आपोआप उतरते आणि श्रेय त्या पायाला मिळतं. गमतीला हरकत नाही, पण कळ पायात उतरत असताना पाठीवर कोणाला उभं करू नका.

हे तुम्ही लिहिलेलंच नाही: कळ पायात जाते का? मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपतो, त्याखाली नुसता नसांचा झुबका असतो, त्याला अश्वपुच्छ म्हणतात. तुमची चकती त्या झुबक्याच्या पातळीवर आहे, म्हणजे दबली तर नस दबेल, मज्जारज्जू नाही. आजच टाचांवर दहा पावलं चालून बघा, मग चवड्यांवर. जमलं आणि दुखणं कमरेपुरतंच असलं तर अंथरूण धरू नका, रोज चाला, बाइकवर सलग तासभर बसू नका आणि जवळच्या फिजिओकडून व्यायाम शिकून घ्या. पाऊल लुळं पडत असेल तर या आठवड्यात स्पाइनच्या डॉक्टरांकडे जा. आणि लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, मांड्यांच्या मधला, बसायचा भाग बधिर झाला, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच हॉस्पिटल गाठा.