मेनोनाइट कोण : कबुलीने की घराण्याने?

प्रश्न : माझ्या आजोबांचे बालपण धमतरीच्या मेनोनाइट या ख्रिस्ती मिशनच्या आवारात गेले. वडील रेल्वेच्या नोकरीनिमित्त नागपूरला आले आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळीत सामील झाले, त्यामुळे माझा बाप्तिस्मा मी तान्हा असतानाच झाला. धमतरीच्या आत्या म्हणतात, ‘तू स्वतः विश्वासाची कबुली दिलेली नाहीस, म्हणून तू मेनोनाइट नाहीस.’ उलट कॅनडात विनिपेगला शिकणाऱ्या माझ्या मुलीची एक मैत्रीण देव मानत नाही, तरी स्वतःला मेनोनाइट म्हणवते. मग मेनोनाइट हा पंथ समजायचा की जात?
– एक वाचक, सदर, नागपूर

उत्तर : आपल्या आत्यांचे म्हणणे या पंथाच्या मुळाशी जाणारे आहे. २१ जानेवारी १५२५ रोजी झुरिकमध्ये काही तरुणांनी तान्हेपणीचा बाप्तिस्मा नाकारून, जाणत्या वयात स्वतःच्या विश्वासाच्या कबुलीवर एकमेकांना पुन्हा बाप्तिस्मा दिला. त्यांतील फेलिक्स मांझ यांना १५२७ मध्ये लिमाट नदीत बुडवून मारण्यात आले. १५३६ मध्ये कॅथलिक याजकपद सोडून या चळवळीत आलेल्या मेनो सायमन्स यांच्यावरून पुढे पंथाला नाव मिळाले. पाणी किती, हा वाद येथे गौण आहे. मेनोनाइट ब्रदरन मंडळ्या पूर्ण बुडवतात, तर इतर अनेक मेनोनाइट मंडळ्या डोक्यावर पाणी ओततात.

परंतु आपल्या मुलीची मैत्रीणही खोटे बोलत नाही. छळामुळे आणि शस्त्र हाती न धरण्याच्या व्रतामुळे हे लोक नेदरलँड्समधून व्हिस्चुला नदीच्या खोऱ्यात, तेथून १७८९ पासून आजच्या युक्रेनच्या दक्षिण भागात आणि १८७४ पासून कॅनडातील मॅनिटोबा व अमेरिकेतील कॅन्ससमध्ये गेले. वेगळी वसाहत, आपसांतली लग्ने, घरात बोलली जाणारी प्लाउटडीच ही लो जर्मन बोली आणि फ्रीसेन, पेनर, वीबे अशी मोजकी आडनावे एवढे सगळे पिढ्यान्‌पिढ्या एकत्र राहिले, की ज्याची सुरुवात प्रत्येकाने स्वतः घेतलेल्या निर्णयात होती, त्याचाच एक समाज बनला. नागपूरकराला हे वेगळे समजावून सांगावे लागू नये. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर ज्यांनी जाणतेपणी धम्म स्वीकारला, त्यांच्या नातवंडांना बौद्ध असणे जन्मानेच लाभले, आणि त्यामुळे त्यांना कोणी कमी बौद्ध म्हणत नाही. तेव्हा त्या मैत्रिणीचे मेनोनाइट असणे घराण्याच्या अर्थाने खरे मानावे, विश्वासाच्या अर्थाने नव्हे.

माझा आक्षेप आहे तो घराण्याचीच कसोटी सर्वांना लावण्यावर. मेनोनाइट आणि त्यांच्याशी आप्त असलेल्या मंडळ्यांत आज बाप्तिस्मा घेतलेले सुमारे २१ लाख लोक असून त्यांतील बहुसंख्य आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेत आहेत. यांतल्या बहुतेकांच्या आडनावाचा किंवा स्वयंपाकघराचा प्लाउटडीचशी काडीचाही संबंध नाही. धमतरीला अमेरिकन मेनोनाइट मिशनरी १८९९ मध्ये आले, तेव्हा ते गाव मध्य प्रांतात होते आणि त्या प्रांताची राजधानी आपले नागपूर. पाठोपाठ आलेल्या दुष्काळात मिशनने अनाथ मुलांना आसरा दिला आणि त्या मुलांतूनच तेथील मंडळी वाढली. त्या मंडळीला मेनोनाइट म्हणवण्यासाठी विनिपेगच्या शिक्क्याची गरज नाही.

राहिला आपल्या बाप्तिस्म्याचा प्रश्न. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच निरनिराळ्या प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा तान्ह्या बाळाचा आणि जाणत्याचा, असे दोन्ही बाप्तिस्मे मान्य करण्यात आले; जाणत्या बाप्तिस्म्याचा आग्रह धरणारी चर्च ऑफ द ब्रदरन तीत सामील झाली, मेनोनाइट मंडळ्या मात्र बाहेर राहिल्या. त्यामुळे आज आपण मेनोनाइट घराण्यातले, पण त्या मंडळीचे सभासद नसलेले ख्रिस्ती आहात, असेच मी म्हणेन. सभासद व्हायचे असेल तर आपला जुना बाप्तिस्मा पुरेसा धरायचा की नाही, हे त्या मंडळीच्या पाळकांशीच बोलावे, आत्यांशी नव्हे. आत्यांना मात्र एवढे जरूर विचारावे, की मुलांसाठी स्थळे पाहताना त्यांनी आधी कबुली विचारली होती, की घराणे?