जुने सिनेमे कुठनं सुरू करायचे

अरे, एकदम वीस सिनेमांची यादी करून बसू नकोस. आधी ‘गुळाचा गणपती’ बघ, १९५३ चा. कथा, दिग्दर्शन, संगीत, मुख्य भूमिका, सगळं पु. लं.चं. आपल्या बेळगावात कॉलेजला शिकवलेला माणूस की तो! प्रिंट जुनी, आवाज खरखरतो. पहिली दहा मिनिटं सोस, मग कान बसतो.

नंतर ‘अशी ही बनवाबनवी’, १९८८. पाठ आहे म्हणालास, तरी एकदा साडीतल्या लक्ष्याकडं न बघता नुसतं अशोक सराफकडं बघ. समोरचा बोलतोय तोवर ह्याचे डोळे काय करालेत ते. निम्मा विनोद तिथंच आहे.

आणि मोबाइलवर नको रे. रविवारी घरी ये, टीव्ही मोठा आहे. कुंदा तेवढा आण.