विंडोज काढून लिनक्स टाकतोयस? आधी हे वाच

हे बघ, घाई करू नकोस. विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून लॅपटॉप भंगारात काढायची गरज नाही हे तुझं बरोबर आहे, पण थेट इन्स्टॉलचं बटण दाबायच्या आधी फोटो, कागदपत्रं, ब्राउझरचे पासवर्ड सगळं बाहेरच्या डिस्कवर घे, आणि घेतल्यावर ती डिस्क दुसऱ्या मशीनला लावून फाईली उघडतात का ते बघ, मी एकदा हे बघितलं नव्हतं आणि अर्धे फोटो गेले.

नवीन माणसाला मी लिनक्स मिंटच (लिनक्सचा सोपा प्रकार) सांगतो, रॅम ४ जीबी असेल तर त्यातलं एक्सएफसीई वालं (हलकं) घे. ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो, पण त्यावरचं सगळं पुसलं जातं हां. रुफस नावाच्या छोट्या प्रोग्रामने मिंटची आयएसओ (इन्स्टॉलची फाईल) त्यावर टाक, लॅपटॉप चालू करताना एफ१२ किंवा एफ२ (कंपनीप्रमाणे बदलतं) दाबून पेनड्राइव्हवरून बूट कर आणि इन्स्टॉल न करता तासभर नुसतं वापरून बघ. वायफाय, आवाज, टचपॅड, झाकण बंद केल्यावर झोपतो का, सगळं. ब्रॉडकॉम कंपनीचं वायफाय कार्ड असलं तर बऱ्याचदा रुसतं, मग मोबाईल यूएसबीने जोडून नेट घ्यायचं आणि मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) टाकायचा.

विंडोज पण ठेवणार असशील तर बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) रिकव्हरी की आधी कागदावर लिहून ठेव. आणि फोटोशॉपवर पोट असेल तर मात्र थांब, ते लिनक्सवर नीट चालत नाही.