४ लाखांच्या निवृत्ती खात्यात किती फंड, किती शेअर?

तुमचं वय ४४, वाळूजला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी. निवृत्तीसाठी ४ लाख: १ लाख २० हजार एका वाहन कंपनीच्या शेअरमध्ये, बाकी ७ म्युच्युअल फंडांत. पीएफ वेगळा, महिन्याला ५ हजारांची बचत. विचारता, पैसे विखुरलेत की एकाच जागी साठलेत?

दोन्ही झालंय, आणि दोन्ही नको तिथे.

आधी शेअर. तो तुमच्या पगाराच्याच धंद्यातला आहे. गाड्यांची विक्री मंदावली की ओव्हरटाइम बंद होतो, कंत्राटी माणसं कमी होतात आणि शेअरही त्याच सुमारास पडतो. घरात पैशाची ओढ लागली की मग तोच शेअर पडेल भावात विकावा लागतो. खात्याचा ३० टक्के भाग निम्म्यावर आला तर ६० हजार गेले, म्हणजे तुमची पूर्ण वर्षाची बचत. तोच भाग १० टक्के असता तर २० हजारांवर निभावलं असतं. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी साध्या इक्विटी (शेअरमध्ये गुंतवणाऱ्या) फंडालाही एका कंपनीत १० टक्क्यांच्या वर जाऊ देत नाही. तीच मर्यादा तुम्ही पाळा. उलट २ टक्क्यांचे वीस शेअरही घेऊ नका: एखादा दुप्पट झाला तरी खातं २ टक्क्यांनीच वाढतं, आणि वीस कंपन्यांचे निकाल वाचायला नोकरी करून वेळ कुठून आणणार?

आता फंड. ७ फंड म्हणजे ७ प्रकारचा धोका नव्हे. प्रत्येकाचा महिन्याचा पोर्टफोलिओ उघडून पहिली १० नावं कागदावर लिहा. त्याच मोठ्या बँका पुन्हा पुन्हा दिसल्या तर खर्च सात ठिकाणी भरून माल एकच घेताय.

माझ्या मते मांडणी अशी: निफ्टी ५० इंडेक्स फंड (निफ्टी यादीतल्या ५० मोठ्या कंपन्या जशाच्या तशा घेणारा) २ लाख ४० हजार, मिडकॅप १५० इंडेक्स फंड (तसाच, पण मध्यम आकाराच्या १५० कंपन्यांचा) ८० हजार, वाहन कंपनी ४० हजार, आणि हौस असेल तर वाहनांशी संबंध नसलेली दुसरी एक कंपनी ४० हजार, नसेल तर तेही निफ्टीत. डेट फंड (कर्जरोख्यांत गुंतवणारा) वेगळा नको, तुमचा पीएफ तेच काम करतो.

विकताना घाई नको. वर्षापेक्षा जुन्या शेअर आणि इक्विटी फंडांवरचा एकत्रित नफा आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंत करमुक्त, वरच्यावर १२.५ टक्के, वर्षाच्या आत विकलं तर २० टक्के. नफा जास्त निघत असेल तर काही विक्री ३१ मार्चच्या आधी, काही नंतर करा. वर्ष न झालेल्या फंडाला बहुधा एक्झिट लोडही (लवकर बाहेर पडण्याचं शुल्क) लागतो. ईएलएसएस या करबचतीच्या फंडाचा प्रत्येक हप्ता ३ वर्षं अडकलेला असतो, तो मोजून घ्या. पुढे विकण्याची वेळ क्वचितच येईल: वर्षाचे नवे ६० हजार खात्याच्या १५ टक्के होतात, जे मागे पडलं त्यात एसआयपी (महिन्याचा हप्ता) वळवली की मांडणी जागेवर येते.

विचारलं नाहीत, पण सांगायलाच हवं. गावाकडे कोरडवाहू शेती, तालुक्याला प्लॉट आणि तिथल्याच पतसंस्थेत ठेव असेल, तर दुष्काळात तिन्ही एकदम अडकतात: सोयाबीन जातं, प्लॉटला गिऱ्हाईक मिळत नाही, पतसंस्थेची वसुली थांबते. बँकेत, सहकारी बँकेतसुद्धा, एका ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत ठेवविमा आहे. पतसंस्थेला आणि मल्टिस्टेट (अनेक राज्यांत चालणाऱ्या) पतसंस्थेला तो नाही. तिथली ठेव मुदत संपताच काढून बँकेत ठेवा, मग वरचे फेरफार करा.