कॉफी किती, पाणी किती?

प्रश्न : फ्रेंच प्रेसमध्ये (दट्ट्या दाबून कॉफी गाळायच्या भांड्यात) रोज तीन चमचे कॉफी आणि दोन कप पाणी घालते. तरी एक दिवस कडक होते, दुसऱ्या दिवशी पांचट. माप तर तेच असतं. (दादर)

उत्तर : माप तेच नसतं. मोठ्या चमच्यात सपाट भरली तर साधारण ५ ग्रॅम पूड बसते, शिगोशीग भरली तर ७-८. त्यात जास्त भाजलेली कॉफी वजनाला हलकी, म्हणजे पुडा बदलला की चमच्यातलं वजनही बदललं. कप बोटभर रिकामा राहिला तरी पाण्यात ३० मिलीचा फरक सहज पडतो.

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. रिकामा प्रेस त्यावर ठेवून आकडा शून्य करा. जाड्या रव्यासारखी दळलेली पूड १८ ग्रॅम घाला, पुन्हा शून्य करा आणि २७० ग्रॅमपर्यंत पाणी ओता. १ मिली पाणी म्हणजे १ ग्रॅम, त्यामुळे वेगळं मापाचं भांडं नको. हे १:१५ प्रमाण झालं; सौम्य आवडत असेल तर २९० पर्यंत जा. पाणी उकळण्याआधी मोजून ठेवण्यात अर्थ नाही, वाफेत किती जाईल याचा भरवसा नसतो. उकळी आली की गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबा, मग ओता. ४ मिनिटांनी दट्ट्या दाबून सगळी कॉफी कपांत काढा. प्रेसमध्ये ठेवलेली दुसऱ्या कपाची कॉफी हमखास कडवट होते.

काट्याची शंका असेल तर केमिस्टकडून १० मिलीची सिरिंज आणा. पाच वेळा भरून वाटीत सोडलेलं पाणी ५० ग्रॅम भरायला हवं. एकाच कपापुरती ८-९ ग्रॅम पूड मोजणाऱ्यांनी मात्र ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्यावा. तिथे १ ग्रॅमची चूकही जिभेला कळते.

प्रश्न : कॉफी कडू लागते म्हणून पूड कमी केली. आता पाणचटही लागते आणि कडूही! (मुलुंड)

उत्तर : होणारच. पूड कमी आणि पाणी तेवढंच, म्हणजे प्रत्येक कणातून जास्त अर्क निघतो, आणि शेवटी निघतो तो कडवटपणाच. पूड पूर्ववत करा आणि दळण जाड करा. कॉफी आंबट लागली तर उलट, थोडं बारीक दळा. कडकपणा प्रमाणाने सुधारतो, कडूपणा दळणाने आणि वेळेने. दोन्ही एकाच दिवशी बदलू नका, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

प्रश्न : माटुंग्याहून ८०:२० चिकोरीची पूड (८० टक्के कॉफी, २० टक्के चिकोरी म्हणजे भाजलेल्या मुळाची पूड) आणतो. स्टीलच्या फिल्टरमधून डिकॉक्शन (कॉफीचा दाट अर्क) उतरतच नाही. (सायन)

उत्तर : २० ग्रॅम पूड घ्या, भांडं हलकेच आपटून सपाट करा आणि चकती नुसती टेकवा, दाबू नका. चिकोरी पाण्याने फुगते, दाबलेल्या पुडीत मग पाण्याला वाट उरत नाही. आधी ३०-४० मिली उकळतं पाणी सगळीकडे फिरवून घाला, अर्ध्या मिनिटाने उरलेलं. एकूण १२० मिली. पूड स्वतःच्या दुप्पट पाणी धरून ठेवते, म्हणून खाली ८० मिलीच्या आसपास डिकॉक्शन मिळेल. दोन कपांना पुरतं : ४० मिली डिकॉक्शन, १०० मिली दूध.

तरीही थेंब अडला तर वरचं भांडं किंचित उचलून परत ठेवा. दोन भांड्यांच्या सांध्यात पाणी बसलं की खालची हवा कोंडते आणि धार थांबते. अनेकदा दोष पुडीचा नसून एवढाच असतो. चाळणीची भोकं उजेडात धरून पाहा. बुजली असतील तर व्हिनेगरच्या गरम पाण्यात भिजवून ब्रशने घासा.

प्रश्न : कॉफीला आरओचं पाणी चांगलं की नळाचं? (बोरिवली)

उत्तर : मुंबईत पालिकेचं पाणी तलावांचं, फारसं जड नसलेलं, कॉफीला ते चालतं. आरओमध्ये क्षार फारच कमी झाले की चव सपाट होते. क्लोरीनचा वास येत असेल तर कार्बन फिल्टर पुरे. टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर मात्र आरओ वापरा, आणि मशीनवर टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) १०० ते १५० च्या दरम्यान ठेवायला सांगा.