सारखी लघवी होते, तरी ती 'साठून राहते' असं कसं?

तुमच्या ७८ वर्षांच्या वडिलांना दर अर्ध्या तासाला लघवीला जावं लागतं, रात्री अंथरूण ओलं होतं, आणि तरी सोनोग्राफीत लघवी साठल्याचं आलंय. मग खरं काय, असं तुम्ही विचारलंय.

दोन्ही खरं आहे. काठोकाठ भरलेल्या माठात वाटीभर पाणी ओतलं तर तेवढंच बाहेर सांडतं, माठ भरलेलाच राहतो.

आमच्या अण्णांचं हेच झालं होतं. वर्षभर आम्ही 'वय झालं' म्हणत राहिलो, वर संध्याकाळनंतर त्यांचं पाणी तोडलं (याची आजही लाज वाटते). त्यांना दुखत काहीच नव्हतं. लघवी एकदम अडली की माणूस तळमळतो. हळूहळू साठत गेली की मूत्राशय ताणत जातं आणि कुरकुरही करत नाही. पँटचं बटण लागेना, तेव्हा पोट सुटलं म्हणून आम्ही हसलो. डॉक्टरांनी बेंबीखाली बोटांनी ठोकून पाहिलं, तर आवाज भरीव. कॅथेटर (मूत्राशयात घालायची नळी) घातल्यावर पिशवीत १,२०० मिली लघवी आली. एरवी ४००-५०० मिलीलाच धीर सुटतो.

रिपोर्टमध्ये पीव्हीआर बघा, म्हणजे लघवी करून आल्यावर आत किती उरली तो आकडा. तो पुन्हा पुन्हा ३०० मिलीच्या वर येत असेल तर यूरॉलॉजिस्टला दाखवाच. सोबत क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासा आणि किडनीला सूज आहे का तेही विचारा. मागे किडनीवर दाब येणं, खरी धास्ती त्याची.

कारण बहुतेकदा प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांमधली मूत्राशयाखालची ग्रंथी; ती वाढली की लघवीची वाट दाबते. पण जुना मधुमेह, बद्धकोष्ठता, सर्दीच्या गोळ्यासुद्धा भर घालतात, म्हणून चालू असलेली सगळी औषधं दाखवायला न्या. अण्णांना 'सारखी लागते' एवढ्यावरून कुणीतरी मूत्राशय शांत करणारी गोळी दिली होती. त्याने आणखीच तुंबली!

कॅथेटरनंतर कधीकधी लघवीचा लोंढा लागतो, शरीरातलं पाणी आणि क्षार घटतात. म्हणून अण्णांना दोन दिवस ठेवून घेतलं होतं. आणि ऑपरेशनआधी एक नक्की विचारा: मूत्राशयाच्या स्नायूत जोर उरलाय का? तो नसेल तर वाट मोकळी करूनही लघवी पुरती होत नाही. आमचं तसंच झालं. अण्णा आता दिवसातून तीनदा स्वतःच नळी घालून मूत्राशय रिकामं करतात. पहिल्या आठवड्यात हात थरथरायचे, चिडायचे. हल्ली मॅचच्या जाहिराती लागल्या की उठतात आणि पुढची ओव्हर सुरू व्हायच्या आत परत येऊन बसतात.