गोठ्यातल्या माश्या: आधी उकिरडा बघ

भावा, दोन म्हशी घेतल्यास, आनंद वाटला. पण माश्या वाढल्या म्हणून लगेच औषध फवारू नकोस. उडणारी माशी मारून काही होत नाही, ती शेणात वाढते. मादी एका वेळी शंभराच्या वर अंडी घालते, एका दिवसात अळ्या निघतात आणि उन्हाळ्यात 7 ते 10 दिवसांत नवी माशी तयार. म्हणून शेण रोज उचल, आठवड्यावर जाऊ देऊ नकोस. आपल्या खानापूर भागात पावसाळ्यात उकिरडा भिजतो, तेव्हा वर पत्रा किंवा ताडपत्री घाल. ढीग उंच रच, आत तापला की अळ्या मरतात. कडा मात्र थंड राहतात, त्या फावड्याने आत ओढत जा. गोबरगॅस असेल तर उत्तमच.

आता उकिरड्याची कड जरा उकर. गव्हाच्या दाण्याएवढे तांबूस कोष दिसतील. एखाद्याला बारीक गोल भोक असेल तर समज, आतली माशी एका चिमुकल्या कीटकाने खाल्ली. गांधीलमाशीचाच लांबचा नातेवाईक, पण माणसाला चावत नाही. फवारणीने आधी हाच मरतो, म्हणून मी इतकं कळवळून सांगतोय.

चार गावठी कोंबड्या सोड, अळ्या वेचून खातात. गुळाच्या पाण्याचा सापळा लाव, पण गोठ्याबाहेर. आत ठेवलास तर माश्याच बोलावशील. मूत साचतं तिथली फरशी आधी दुरुस्त कर.